परसदारी आपोआप उगवलेलं रोप कोणत्या झाडाचं? ओळखायचं कसं आणि ठेवायचं कुठलं

मृगाचा चांगला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की परसदारी न लावलेली रोपं दिसायला लागतात. नळाच्या मोरीशी, तुळशीच्या कुंडीत, भिंतीच्या कडेला, शेणखत टाकलेल्या आळ्यात. बहुतेक घरांत श्रावण लागताना, कानबाईच्या (खान्देशातला श्रावणातला सण) आधी अंगण साफ करायची गडबड असते, तेव्हा ही सगळी रोपं गवताबरोबर खुरप्याखाली जातात. मीही तेच करायचो. एका वर्षी विहिरीच्या कडेला दोन रोपं शेजारी शेजारी उगवली होती. एक मी उपटून टाकलं, दुसरं दगडाच्या आडोशाला राहून गेलं. आजी ओट्यावरून म्हणाली, "उपटू नको भाऊ, आधी देख काय शे ते." तोवर एक गेलंच होतं. राहिलेल्या रोपाला महिनाभरात जोडीजोडीची पानं आली आणि कळलं की तो अंजन आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मुरमाड उतारावर उभा राहणारा अंजन आमच्या काळ्या मातीत आपणहून आला होता, आणि त्यातला अर्धा मी घालवला होता.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. चार खरी पानं येईपर्यंत उपटायचं नाही, आणि चार खरी पानं आल्यावर निर्णय लांबवायचा नाही. आपल्या कोरड्या मुलखातली झाडं आधी खाली वाढतात आणि मग वर. वीतभर रोपाची मुळी पुष्कळदा रोपापेक्षा लांब असते. मृग ते पोळा एवढीच मुदत धरा. त्या मुदतीत ओळखलं तर रोप हलवताही येतं आणि काढताही येतं.

पानाआधी जागा बघा

रोप कुठे उगवलंय यावरून ते कोणी आणलं हे कळतं, आणि कोणी आणलं हे कळलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

भिंतीच्या भेगेत, धाब्याच्या (सपाट छपराच्या) कठड्यावर किंवा पन्हाळीत उगवलेलं रोप बहुतेक पिंपळ, वड नाहीतर उंबर असतं. या झाडांचं बी मोहरीपेक्षा बारीक, पक्ष्याच्या विष्ठेतून येणारं. चुन्याच्या किंवा विटांच्या भेगेतला ओलावाही त्याला पुरतो.

तारेखाली, कुंपणाच्या ओळीत, मोठ्या झाडाच्या फांदीखाली उगवलेलं रोप बुलबुल, साळुंकी, कोकीळ, कावळा यांनी आणलेलं असतं. तिथे निंब, बोर, गोडनिंब (कढीपत्ता), चंदन यांची शक्यता जास्त. वटवाघळं रात्री फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतात आणि गर खाऊन बी खाली टाकतात. अशा झाडाखाली देशी बदाम, जांभूळ, पेरू, अशोक सापडतात.

मोरीच्या पाण्याशी आणि खरकटं टाकायच्या जागी सीताफळ, पपई, चिंच, आंबा. ही आपणच पेरलेली, फक्त आठवत नाही.

लेंडीखत किंवा शेणखत टाकलेल्या वाफ्यात फुलझाडांच्या मधोमध काटेरी रोप आलं तर बाभूळ किंवा वेडी बाभूळ समजा. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, कडक बिया पोटातून तशाच बाहेर पडतात आणि खताबरोबर घरी येतात.

एक गोष्ट इथेच तपासा. मोठ्या झाडापासून चार-सहा हातांवर त्याच झाडासारखं रोप दिसलं, तर बोटाने माती सारून बघा. खाली आडवी जाड मुळी गेली असेल तर तो बियाचा रोपा नाही, मुळीला फुटलेला फुटवा आहे. गोडनिंबाला असे फुटवे फार येतात. फुटवा वेगळा करायचा तर आईच्या मुळीचा तुकडा सोबत घ्यावा लागतो.

दल आणि खरं पान यांत गल्लत करू नका

बी फुटल्यावर पहिल्यांदा वर येतात ती दोन दलं, म्हणजे बियाच्याच दोन फाका. ती जाड, गुळगुळीत, पुढे येणाऱ्या पानांपेक्षा अगदी वेगळी असतात. त्यांच्यावरून झाड ओळखायला गेलात तर फसाल. अपवाद थोडे. चिंचेची दलं चिंचोक्याच्या दोन फोडींसारखी जाडजूड वर उचललेली दिसतात. देशी बदामाची दलं बियात गुंडाळलेली असतात आणि उलगडली की रुंद पसरतात. आंब्याची कोय मातीतच राहते आणि वर एकदम तांबूस, लुसलुशीत पानांचा झुबका येतो.

दलांच्या वर जे येतं ते खरं पान. पण पहिलं खरं पानही पुष्कळदा पुढच्या पानांसारखं नसतं. सुबाभूळ आणि गुलमोहराचं पहिलं पान साधं पिसासारखं येतं, आणि फांद्या फुटलेलं पीस पुढच्या पानांपासून दिसतं. म्हणून चार पानांची वाट बघायची.

रोपाशेजारी खराट्याची एक काडी रोवून ठेवा म्हणजे निंदताना कोणी उपटणार नाही. फोनमध्ये दर आठवड्याला एक फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. फोनवरची ओळख सांगणारी सोय दलांच्या फोटोवर बऱ्याचदा चुकीचं नाव देते, पाच-सहा पानांच्या फोटोवर बरं देते. तिने सांगितलेलं नाव तेवढं धरायचं आणि पुढच्या खुणांनी स्वतः पडताळायचं.

चार खुणा

पहिली खूण पानांची मांडणी. जांभूळ, पेरू, चंदन यांची पानं समोरासमोर जोडीने येतात. बोर, सीताफळ, पिंपळ, आंबा यांची एकाआड एक.

दुसरी खूण, समोर दिसतंय ते आख्खं पान आहे की पानाचा तुकडा. निंबाच्या एका देठाला दोन्ही बाजूंनी लागलेल्या लहान पानांना पर्णिका म्हणतात, ती सगळी मिळून एक पान. ओळखायची युक्ती सोपी आहे. जिथे पान खोडाला मिळतं तिथे बगलेत एक बारीक डोळा, म्हणजे न उमललेला कोंब, असतो, पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. नखाएवढ्या रोपात तो टाचणीच्या टोकाएवढाच असतो. पान जरा खाली वाकवून उजेडात बघा.

तिसरी खूण चीक. पान देठाशी तोडून पांढरा चीक आला की वडा-पिंपळाचं घराणं, पपई किंवा रुई. चीक काढल्यावर डोळ्याला हात लावू नका. रुईचा चीक डोळ्याला फार बाधतो.

चौथी खूण वास. पान चुरगळून नाकाशी न्या. गोडनिंब लगेच कळतो. पेरूच्या पानाला पेरूचाच वास, आंब्याच्या पानाला कैरीच्या देठासारखा, सीताफळाच्या पानाला उग्र. चंदनाला मात्र वास शोधू नका. सुगंध जुन्या लाकडाच्या गाभ्यात असतो, पानात काही नसतो.

चव घेऊन बघायची सवय मला मान्य नाही. धोतरा, कण्हेर, रुई, एरंड हे सगळं आपल्याच कुंपणाशी उगवतं. चिंचेचं पान आंबट लागतं हे खरं, पण ते चिंचेचं आहे याची आकारावरून खात्री झाल्यावरच तोंडात घाला, आणि लहान मुलांदेखत नको.

या चारही खुणांनी जमलं नाही तर रोपाच्या बुडाशी अर्धा इंच माती काडीने हळू सारा. बियाचं टरफल पुष्कळदा तिथेच चिकटलेलं सापडतं. निंबोळीचं पातळ कवच, चिंचोक्याची तपकिरी साल, सुबाभळीची चकचकीत बारीक बी. याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

निंब आणि निंबासारखी दिसणारी

आपल्याकडे सर्वात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकून पडतात आणि बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच उगवण संपते. त्यामुळे निंबाची रोपं आषाढात एकदम दिसतात. रोप हातात घेतल्यासारखं जवळून बघा. खाली दोन जाड हिरवी दलं. त्यांच्यावर पहिली दोन पानं समोरासमोर, प्रत्येकी तीन पर्णिकांची, आणि पर्णिकांना खोल कात्रे, कोणी कात्रीने कापल्यासारखे. तीन पर्णिका बघून पुष्कळांना हे दुसरंच काही वाटतं आणि निंब उपटला जातो. तिसऱ्या-चौथ्या पानापासून पानं एकाआड एक येतात, पर्णिका वाढतात, विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि त्यांच्या बुडाच्या दोन बाजू सारख्या नसतात. ही असमान बाजू निंबाची पक्की खूण.

बकाणनिंबाचं पान देठावर पुन्हा फांद्या फुटून मग पर्णिका लागलेलं असतं. त्याच्या एका बाठ्यात अनेक बिया असतात, त्यामुळे एकाच ठिकाणाहून तीन-चार रोपं जुडीने वर येतात. निंबाच्या जागी जुडी दिसली की बकाण समजा. त्याची पिवळी गोल फळं विषारी आहेत, लहान मुलं असलेल्या घरात ते झाड ठेवू नये असं माझं मत.

महारुखाच्या पर्णिकांना मोठे ओबडधोबड दात असतात आणि चुरगळल्यावर घाण वास येतो. पंख असलेलं बी वाऱ्यावर येतं, म्हणून तो अंगणाच्या मधोमधही उगवतो. गोडनिंबाला देठाच्या टोकाला एक पर्णिका असते, आणि वासापुढे बाकी काही बघायची गरजच पडत नाही.

पिसासारखी पानं: चिंच, सुबाभूळ, गुलमोहर आणि काटेवाली मंडळी

चिंचेचं पान एकच पीस. मधला देठ आणि दोन्ही बाजूंनी पर्णिकांच्या जोड्या. पहिली दोन पानं समोरासमोर असतात.

सुबाभूळ आणि गुलमोहर ही फांद्या फुटलेली पिसं. सुबाभळीच्या पानाच्या देठावर एक बारीक गाठ, ग्रंथी, असते, आणि दलं लहान व पातळ. गुलमोहराची दलं मोठी आणि जाड, आणि पानाच्या बुडाशी पिसासारखीच बारीक उपपर्णं. सुबाभूळ ओळखायला चुकू नका. एका शेंगेत वीसेक बिया, कडक सालीमुळे त्या जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मी एक झाड कुंपणाला सावली म्हणून राहू दिलं होतं. तोडून बरीच वर्षं झाली तरी दर पावसाळ्यात त्या पट्ट्यात रोपं येतातच. शेतकऱ्याला चारा म्हणून तिचा उपयोग आहे, गायी-म्हशींना थोड्या प्रमाणात चालते, पण घराच्या अंगणात तिला जागा देऊ नये.

काटे असतील तर काट्यांकडे नीट बघा. बाभळीला बुडाशी दोन सरळ काटे. बोराला दोन, पण एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. शिवाय बोराच्या पानाला बुडापासून निघालेल्या तीन शिरा आणि पाठीमागे पांढरट लव, म्हणजे ओळख पक्की. विलायती चिंचेचं पान सोपं आहे. देठाला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला दोन पर्णिका, एकूण चार, आणि बुडाशी काट्यांची जोडी.

बोर मिळालं तर त्याला हलवू नका असं मी सांगेन. त्याची मुळी सरळ खोल जाते आणि ती तुटली की रोप रुसतं. आहे त्या जागी वाढू द्या आणि खोड पेन्सिलएवढं झालं की त्यावरच चांगल्या जातीचा डोळा भरा, म्हणजे सालीत तिचा कोंब बसवून कलम करा. कोरडवाहू भागात बोराच्या बागा अशाच, जागेवर डोळा भरून करतात.

आपटा, अंजन, आणि झाड नसलेली रोपं

दसऱ्याला लागणारा आपटा आणि अंजन लहानपणी सारखे वाटतात. आपट्याचं पान एकच असतं, टोकाशी दुभंगलेलं. अंजनाच्या देठाला दोन स्वतंत्र पर्णिका असतात, बुडाशी अगदी जवळ आलेल्या. बोटाने हलके ताणून बघा. आपटा फाटेल, अंजनाच्या पर्णिका वेगवेगळ्या हलतील.

भुईआवळी बघून आवळा आला म्हणून आनंदणारे खूप. वीतभर उंचीच्या भुईआवळीच्या पानांखाली ओळीने बारीक गोल फळं लटकलेली असतात. आवळ्याच्या रोपाला त्या वयात फळं धरत नाहीत. टाकळ्याच्या तीन जोड्या पर्णिका संध्याकाळी मिटतात आणि तो दिवाळीपर्यंत वाळून जातो. एरंड आणि पपईचा गोंधळ चिकावरून सुटतो. पपईला पांढरा चीक येतो, एरंडाला नाही.

पपईचं रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. नर-मादी झाडं वेगवेगळी असणाऱ्या जातीच्या बागेत एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून नंतर विरळणी करतात ती यासाठीच. अंगणातही दोन-तीन राखा.

जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका, हा त्या बियाचा स्वभाव आहे. जोमदार एक ठेवा. आंब्याचं आपोआप आलेलं रोप मात्र ज्या फळाच्या कोयीतून आलं तसंच फळ देईल असं धरू नका. कलम करायला खुंट म्हणून ते उत्तम.

ठेवायचं, हलवायचं की काढायचं

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. घराच्या पायाशी मोठं झाड असलं तर ते मातीतलं पाणी ओढून ही आटण वाढवतं आणि भिंतींना तडे जातात. खान्देशातल्या जुन्या मातीच्या भिंतींना तर आणखीच. म्हणून माझा हिशेब असा: निंब, चिंच, जांभूळ, गुलमोहर घरापासून किमान वीस फूट. वड, पिंपळ, उंबर अंगणात नकोतच. सीताफळ, पेरू, गोडनिंब, पपई घराजवळ चालतात.

पिंपळ उपटायला कुणाचं मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. भर पावसात, भिंत ओली असताना, खिळ्याने किंवा छिन्नीने भोवतीचा गिलावा सोडवा आणि मुळीसकट रोप काढा. मुळीचा तुकडा भेगेत राहिला तर तिथून पुन्हा फुटतो, तेव्हा भेग लगेच बुजवा. निघालेलं रोप पिशवीत जगवून पुढच्या पावसाळ्यात नदीकाठी किंवा देवळाच्या मोकळ्या जागेत लावा.

चंदनाची गोष्ट वेगळी. ते शेजारच्या झाडांच्या मुळांना आपल्या मुळांनी चिकटून त्यांच्याकडून पोषण घेतं. ओढून काढलं की ते नातं तुटतं आणि रोप मरतं. शेजारची तूर, गवत, मेंदी काढू नका, त्याला तिथेच राहू द्या. पुढे मोठं झाल्यावर तोडायचं झालं तर वनखात्याची परवानगी लागते हे लक्षात ठेवा. शहरात तर कोणतंही मोठं झाड तोडण्याआधी १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. म्हणूनही निर्णय वीतभर असतानाच घ्यायचा.

हलवायचं ठरलं तर वाफसा येईपर्यंत थांबा. ओली काळी माती खुरप्याला चिकटते आणि मुळ्यांवरून सोलून निघते, वाळलेली ढेकूळ होऊन मुळी मोडते. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा, तो दिवस निवडा. वेळ संध्याकाळची, आभाळ असेल तर उत्तम. रोपापासून वीतभर अंतरावर चारही बाजूंनी खुरपं सरळ खाली घाला, रोपाच्या उंचीहून जास्त खोल जा, मग खालून पहार टेकवून मातीचा गड्डा उचला. रोपाला धरून ओढू नका. गड्डा ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि लगेच नव्या खड्ड्यात किंवा उंच पिशवीत ठेवा. पसरट कुंडी नको, मुळी गोल फिरते. आठ-दहा दिवस दुपारची सावली द्या. पहिल्या तीन-चार दिवसांत पानं मान टाकतील. शेंडा हिरवा आहे तोवर रोप जिवंत आहे, पाण्याचा मारा करू नका.

काढायचं ठरलं तर पाऊस उघडल्यावर, माती मऊ असताना, बुडाशी धरून सरळ वर ओढा. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ वरून कापून उपयोग नाही, बुडातून पुन्हा फुटतात. मुळीसकट निघाली पाहिजे.

जे रोप ठेवलं त्याची खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वीत-दोन वीत रोप सहज करपतं. फाल्गुनातच बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचा चार बोटं थर द्या, खोडाला न चिकटवता. आठवड्यातून दोनदा सकाळी, सावकाश, मुळीपर्यंत जाईल असं पाणी. भोवती बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) रोवा, शेळी एका फेरीत वर्षाची मेहनत खाऊन जाते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाला झोका बांधायचा असेल तर त्याला अजून बरीच वर्षं आहेत, पण त्याची जागा आत्ता, चौथं पान आल्यावर ठरवायची आहे. विहिरीपाशी राहिलेला आमचा अंजन आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. कोवळी पालवी येते तेव्हा ती तांबूस असते, आणि आजीने सांगितल्याप्रमाणे त्याच्याखाली मी अजूनही खुरपं चालवत नाही.